गाळाच्या रेघेपासून खुंटीपर्यंत: पूररेषा जागेवर कशी ठरते

पूररेषा म्हटलं की नकाशावरची रंगीत रेघ डोळ्यांसमोर येते. नदीकाठी लेव्हल (आडवी नजर धरून उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) मांडून काम करणाऱ्याला मात्र ती रेघ सगळ्यात शेवटी भेटते. आधी ठरवायची असते ती उंची. अमुक ठिकाणी पाणी किती मीटरपर्यंत चढलं, किंवा चढेल, हा आकडा पक्का झाला की रेघेसाठी वेगळं डोकं चालवावं लागत नाही. त्या उंचीचं पाणी जिथे जमिनीला टेकतं तिथे रेघ.

आकड्यात १० सेंटिमीटरची चूक राहिली तर काय होतं, हे एकदा जमिनीवर पाहिलं की या कामातली सगळी काळजी कुठे घ्यायची ते कळतं. दहाला एक अशा चढाच्या काठावर रेघ १ मीटर सरकते. शंभराला एक उताराच्या शेतात १० मीटर. पाचशेला एक अशा सपाट मळईत तब्बल ५० मीटर, म्हणजे घरंच्या घरं रेषेच्या अलीकडची पलीकडे जातात. म्हणून खाली जे काही लिहिलं आहे त्यातला बराचसा भाग सेंटिमीटर वाचवण्याबद्दल आहे.

कामाची सुरुवात पूर ओसरताना होते. पाणी उतरायला लागलं की खुणा पुसल्या जायलाही सुरुवात होते, आणि त्या एका क्रमाने जातात. सर्वांत आधी जातात घरांच्या आतल्या खुणा, कारण लोक पहिल्या दोन दिवसांतच भिंती धुऊन काढतात. त्यानंतर फेसाची आणि गवताच्या बियांची रेघ. एक बरी सर आली की ती गेली. झाडाच्या सालीवरचा गाळ काही आठवडे राहतो, आणि झुडपांत अडकलेला काडीकचरा तर पुढच्या पावसाळ्यापर्यंतही दिसतो. आमचा फिरण्याचा क्रमही हाच: आधी घरं, शाळा, देवळं, पंपघरं, मग भिंती आणि पुलाचे खांब, झाडंझुडपं शेवटी. उलट्या क्रमाने गेलं तर सगळ्यात चांगल्या खुणा हातच्या जातात आणि सगळ्यात फसव्या तेवढ्या उरतात.

कोणती खूण चांगली? बंद खोलीतल्या भिंतीवरची बारीक, सरळ, आडवी गाळाची रेघ ही सर्वांत विश्वासाची. आत पाणी जवळपास स्थिर असतं. लाट नाही, धार नाही. खोलीच्या चारही भिंतींवर रेघ एकाच उंचीला मिळाली तर तिला १ ते २ सेंटिमीटरच्या आतली खूण म्हणायला हरकत नाही. मात्र पाणी खोलीत शिरायला आणि पुराच्या शिखराबरोबर बाहेरच्या इतकंच चढायला वाट हवी. घट्ट बंद दाराच्या, एकच छोटी खिडकी असलेल्या खोलीत, पूर झटकन येऊन झटकन उतरला तर आतली पातळी बाहेरच्यापेक्षा कमीच राहते. त्यामुळे दारंखिडक्या पाण्याच्या वेळी कशा होत्या हेही विचारून लिहायचं.

बाहेरच्या खुणांत गवताच्या बियांची रेघ उत्तम. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारं हलकं बी खांबाला, गुळगुळीत सालीला, दगडी भिंतीला चिकटून राहतं. पण एकाच खांबावर अशा चारपाच रेघा सापडतात. पाणी उतरताना जिथे जिथे थबकतं तिथे तिथे रेघ सोडून जातं. सर्वांत ठळक रेघ बहुतेक वेळा सर्वांत उंच नसते, ती फक्त पाणी जास्त वेळ थांबलेल्या पातळीची असते. नजर आधी त्या ठळक रेघेच्या वर न्यायची, हाताला लागेल तिथपर्यंत आणि नंतर त्याच्याही वर. अगदी वरची पुसट रेघ दोनतीन जागी एकाच उंचीला मिळाली तर तीच शिखर.

आता फसव्या खुणा. त्या का फसवतात हे समजलं की ओळखणं सोपं जातं.

ओल्या डागाची कड ही पाण्याची पातळी नव्हे. मातीची, विटांची, सच्छिद्र प्लास्टरची भिंत पाणी वर शोषते आणि ओल पातळीच्या पुष्कळ वर चढते. मोजायची ती गाळाची रेघ, ओलीची नाही. लवचीक फांद्यांवरचा कचरा असाच. पुरात फांदी वाकलेली असते, कचरा तिच्यात त्या वेळी अडकतो, पाणी गेल्यावर फांदी पुन्हा उभी राहते आणि कचरा पातळीच्या अर्धा-पाऊण मीटर वर लटकलेला दिसतो. म्हणून बांबू, निरगुडी, कोवळ्या फांद्या सोडून द्यायच्या. जाड, न वाकणारं खोड घ्यायचं. खोडावरही कोणती बाजू बघायची ते महत्त्वाचं. धारेच्या तोंडावरच्या बाजूला पाणी आपटून वर चढतं आणि ते किती चढतं याचा हिशोब साधा आहे: वेगाचा वर्ग भागिले १९.६. सेकंदाला २ मीटर वेग असेल तर सुमारे २० सेंटिमीटर, ३ मीटर असेल तर ४६. मागच्या बाजूला उलट खड्डा पडतो. शक्य तेव्हा बाजूची, धारेला समांतर असलेली खूण घ्यावी, आणि तीही मुख्य धारेपासून दूरची.

नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाला पाणी उंच आणि आतल्या काठाला बुटकं असतं. ६० मीटर रुंद पात्र, ३०० मीटर त्रिज्येचं वळण आणि ३ मीटर वेग असेल तर दोन काठांत जवळजवळ १८ सेंटिमीटरचा फरक येतो. एकाच काठाच्या खुणा घेऊन काम उरकलं की हा फरक पूर्णच्या पूर्ण उत्तरात शिरतो. पुलाजवळही तसंच: पुलाच्या वरच्या अंगाला फुगवटा, पुलाखाली एकदम घसरण. पुलाच्या खांबावरची रेघ कितीही स्वच्छ असली तरी ती पुलाचा फुगवटा मोजायला घ्यायची, नदीचा उतार काढायला नाही.

आणखी एक गोष्ट कायम तपासावी लागते: ही खूण याच पुराची आहे का. जुना गाळ वाळून भेगाळतो, त्याच्यावर कोळ्याची जाळी, शेवाळ, कीटकांची छिद्रं दिसतात. जुना कचरा करडा पडतो. नवा गाळ नखाने सहज सुटतो.

लोकांना विचारणं हा या कामाचा मोठा भाग आहे, पण विचारण्याची रीत असते. "किती पाणी आलं होतं?" असं विचारलं की "छातीएवढं", "दोन पुरुष" अशी उत्तरं येतात आणि त्यांतून काही मोजता येत नाही. विचारायचं असं: "पाणी कितव्या पायरीला होतं? पायरी बुडाली होती की नुसती भिजली होती? तुम्ही कुठे उभे राहून बघत होता? त्या वेळी उजेड होता का?" माणसाला खोलीचा अंदाज नीट लागत नाही, पण पायरी, ओटा, खिडकीची चौकट, चुलीचा कट्टा हे पक्कं आठवतं. मग स्टाफ (लेव्हलमधून वाचायची आकड्यांची उभी पट्टी) त्या पायरीवर ठेवायचा. त्याच बैठकीत दुसरा प्रश्न: पाणी नदीकडून आलं की वरून, शेतातून? पावसाचं तुंबलेलं पाणी आणि नदीचं पाणी यांच्या खुणा दिसायला अगदी सारख्या असतात. नदीची पातळी ठरवताना तुंबलेल्या पाण्याची खूण मध्ये आली तर तिथे कुबड दिसतं आणि ते समजावून सांगता येत नाही.

प्रत्येक खुणेपाशी खिळा किंवा रंगाची आडवी रेघ, शेजारी नंबर. दोन फोटो: एक स्टाफ किंवा टेपसकट जवळून, एक लांबून, ज्यात परत जागा सापडावी असं काहीतरी ओळखीचं असेल. वहीत काठ (प्रवाह जातो त्या खालच्या दिशेला बघत डावा-उजवा), खुणेचा प्रकार, जमिनीपासूनची उंची, आणि श्रेणी. आमची श्रेणी साधी असते: २ सेंटिमीटरच्या आतली, ५ च्या आतली, १० च्या आतली, आणि त्याहून वाईट. श्रेणी जागेवरच द्यायची. ऑफिसात बसून दिलेली श्रेणी आलेखाला सोयीची पडेल अशी दिली जाते, आणि मग तिला अर्थ राहत नाही.

जिवाची काळजी म्हणून एवढं लिहितो: पुरानंतर मातीच्या भिंती दोनतीन दिवसांनीही बसतात, गाळाखाली उघड्या विहिरी आणि मोऱ्या दिसत नाहीत, आणि लोंबकळणाऱ्या तारेत वीज नाही असं कुणी सांगितलं तरी ती आहे असंच धरायचं. गाळात काठी टेकत चालायचं, एकट्याने नाही.

खुणा झाल्या की त्यांना उंची द्यायची. इथे ऑटो लेव्हल आणि स्टाफ अजूनही सर्वांत भरवशाचे. दिवसाची सुरुवात दोन खुंट्यांच्या चाचणीने. ६० मीटर अंतरावर ए आणि बी अशा दोन खुंट्या, लेव्हल बरोबर मध्यभागी. समजा ए वर १.५२०, बी वर १.२८४. फरक ०.२३६, आणि तो खरा, कारण यंत्राची नजर वरखाली असली तरी दोन्हीकडे सारखीच चूक येते. आता लेव्हल ए च्या मागे २ मीटरवर. ए वर १.४६७ वाचलं तर बी वर १.२३१ यायला हवं. तिथे १.२४३ आलं, तर ६० मीटरला १२ मिलिमीटर इतकी नजर वर आहे. एवढ्या चुकीच्या यंत्राने, घाईत मागची नजर (उंची माहीत असलेल्या जागेवरची) २० मीटर आणि पुढची (नव्या जागेवरची) ६० मीटर अशी घेत चाललात, तर प्रत्येक मांडणीला ८ मिलिमीटर एकाच दिशेने साठत जातात. पंधरा मांडण्यांत १२ सेंटिमीटर. म्हणजे शंभराला एक उतारावर रेघ १२ मीटर भलतीकडे. उपाय दोन, आणि दोन्ही करायचे: यंत्र दुरुस्त करून घ्यायचं, आणि मागची-पुढची अंतरं पावलं मोजून सारखी ठेवायची. अंतरं सारखी ठेवली की पृथ्वीच्या गोलाईची चूकही आपोआप जाते.

बेंचमार्कवरून (उंची आधीच ठरलेल्या पक्क्या खुणेवरून) निघायचं आणि दुसऱ्या बेंचमार्कवर किंवा त्याच बेंचमार्कवर परत यायचं. न जुळलेला फरक किलोमीटरमधल्या अंतराच्या वर्गमुळाच्या १२ पट मिलिमीटरच्या आत हवा; ४ किलोमीटरच्या फेरीला २४ मिलिमीटर. जास्त आला तर वाटून टाकायचा नाही, फेरी पुन्हा करायची. टर्निंग पॉइंट (लेव्हल पुढे हलवताना स्टाफ टेकवायची मधली जागा) ओल्या गाळावर घेतला की स्टाफ वाचता वाचताच खचतो, आणि दोन वाचनांच्या मध्ये ५ मिलिमीटर कधी गेले ते कळतही नाही. दगड, काँक्रीटची कड, नाहीतर ठोकलेली खुंटी. तिन्ही नसतील तर सोबत लोखंडी पाट बाळगायचा.

जीएनएसएस रोव्हरने (उपग्रहांवरून जागा आणि उंची सांगणाऱ्या, सोबत घेऊन फिरायच्या यंत्राने) काम पटापट होतं, आम्हीही वापरतो, पण उंचीच्या बाबतीत त्याच्याकडे सावध नजरेने बघायला हवं. उपग्रह जी उंची देतात ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते. पाणी मात्र गुरुत्वाकर्षणानुसार वाहतं, लंबगोलानुसार नाही. या दोन पृष्ठभागांतला फरक जगभरात सारखा नसतो: हिंदी महासागरात दक्षिण भारताच्या खाली तो उणे १०६ मीटरच्या आसपास आहे, तर न्यू गिनीकडे अधिक ८० मीटरच्या पुढे. एवढी मोठी चूक कुणीही ओळखेल. घातक असते ती छोटी चूक: यंत्रात जुनं किंवा भलतंच जिऑइड मॉडेल (या दोन पृष्ठभागांतला फरक सांगणारं) चढवलेलं असतं आणि उंच्या सगळ्याच्या सगळ्या २०-३० सेंटिमीटरने सरकलेल्या असतात. आपापसांत त्या अगदी जुळतात, त्यामुळे संशयही येत नाही. म्हणून सकाळी काम सुरू करताना आणि संध्याकाळी संपवताना निदान दोन बेंचमार्कवर रोव्हर लावून बघायचा. झाडाखाली, उंच भिंतीलगत, लोखंडी पुलावर उंची ५-१० सेंटिमीटर नाचते. तिथे रोव्हरने जवळच्या मोकळ्या जागेत बिंदू घ्यायचा आणि पुढचं लेव्हलने न्यायचं.

उंची कोणत्या प्रणालीतली आहे हे प्रत्येक कागदावर लिहिलेलं असायला हवं. अमेरिकेत १९२९ ची आणि १९८८ ची अशा दोन उंची-प्रणाली कागदोपत्री सापडतात, आणि पश्चिमेकडच्या काही भागांत त्यांच्यात १ मीटरच्या आसपास फरक आहे. नदीमापन केंद्राच्या पट्टीचं शून्य तर कधी कधी तिसरंच असतं. पट्टीवरचा आकडा, धरणाच्या कागदावरचा आकडा आणि आपल्या लेव्हलचा आकडा एकाच पायावर आणल्याशिवाय एकाही बेरजेला हात लावायचा नाही. पट्टीचं शून्य आपण स्वतः लेव्हलने बांधून घेतो, मग फलकावर काहीही लिहिलेलं असो.

आता खुणा आलेखावर मांडायच्या: आडवं अंतर नदीच्या प्रवाहाच्या रेषेने, उभी पाण्याची उंची. डाव्या काठाच्या खुणांना एक रंग, उजव्याला दुसरा. ही पायरी अर्ध्या तासाची आहे, पण खुणांबद्दल जेवढं ती शिकवते तेवढं दुसरं काही नाही. पाणी वरून खाली उतरत जायला हवं. खालच्या खुणेची उंची वरच्या खुणेपेक्षा जास्त निघाली तर एकतर ती लाट आपटल्याची खूण आहे, किंवा वाचनात चूक आहे, किंवा मध्ये पूल, बांध, अरुंद घळ असं काहीतरी आहे. बाकीच्या खुणांपेक्षा बुटकी निघालेली खूण बहुतेक पाणी उतरतानाची. सगळ्या खुणांची सरासरी काढून मधोमध रेघ मारायची सवय वाईट. चांगल्या श्रेणीच्या खुणांतून रेघ न्यायची आणि वाईट श्रेणीच्या खुणा का सुटल्या ते शेजारी लिहायचं. हा आलेख शक्यतो मुक्कामी त्याच संध्याकाळी काढावा. खूण पुन्हा बघायची झाली तर दुसऱ्या दिवशी ती अजून जागेवर असते.

आडवे छेद (नदीच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत जमिनीच्या उंच्या) घेताना मुख्य नियम एकच: छेद प्रवाहाला काटकोनात. पात्रात आणि पसरलेल्या मळईत प्रवाहाची दिशा वेगवेगळी असते, म्हणून छेदाची रेघ सरळच असली पाहिजे असं नाही, ती मोडू शकते. दोन छेद एकमेकांना छेदता कामा नयेत. जिथे पात्र आवळतं, पसरतं, उतार बदलतो, ओढा मिळतो, पूल येतो तिथे छेद हवाच; पुलाला तर चार, वर दोन आणि खाली दोन, शिवाय तुळईच्या खालच्या कडेची आणि रस्त्याच्या माथ्याची उंची. छेद दोन्ही बाजूंना अपेक्षित पाण्याच्या बरंच वर नेऊन संपवायचा. सर्वांत नेहमीची त्रुटी हीच असते की छेद कालच्या पुराच्या कडेपाशी संपतो, आणि मोठ्या पुराचं गणित करताना सॉफ्टवेअर शेवटच्या बिंदूवर उभी काल्पनिक भिंत उभारून पाणी नको तेवढं वर चढवतं.

विमानातून किंवा ड्रोनवरून लेझर किरण सोडून घेतलेली लायडार उंची मळईसाठी फार चांगली, पण नेहमीच्या लायडारचा किरण पाण्यात शिरत नाही. तो जो तळ म्हणून दाखवतो तो त्या दिवशीचा पाण्याचा पृष्ठभाग असतो. पात्राचा बुडालेला भाग स्टाफ घेऊन, किंवा नावेतून खोलीमापकाने, मोजूनच भरावा लागतो. जगभर फुकट मिळणारी २००० सालची, अवकाशातून रडारने मोजलेली एसआरटीएम उंची या कामासाठी वापरू नये. तिच्यात काही मीटरची चूक असते, शिवाय झाडांचे शेंडे तिला जमीनच वाटतात.

छेद आणि पाण्याचा उतार हातात आला की विसर्ग (सेकंदाला किती पाणी वाहून गेलं ते) काढता येतो. जलीय त्रिज्या, उतार आणि पात्राचा खडबडीतपणा यांवरून वेग देणारं मॅनिंगचं सूत्र या कामातल्या सगळ्यांना पाठ असतं. कुठे वापरायचं यावर मात्र उत्तराची किंमत ठरते. टप्पा सरळ हवा, खालच्या दिशेला किंचित आवळत जाणारा असेल तर उत्तम, पसरत जाणारा नको. निदान तीन छेद. टप्प्याची लांबी सरासरी खोलीच्या ७५ पटींहून कमी नको, आणि पाण्याची एकूण घसरण १५ सेंटिमीटरपेक्षा व वेगशीर्षापेक्षा (वेगाचा वर्ग भागिले १९.६) जास्त हवी. एक उदाहरण घेऊ. क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर, ओली परिमिती (छेदात पाण्याला लागलेल्या तळाची आणि काठांची लांबी) १३० मीटर, म्हणजे जलीय त्रिज्या (पहिलं भागिले दुसरं) ३.०८. उतार ०.०००८, खडबडीतपणा ०.०३५. वेग येतो १.७१ मीटर, विसर्ग सुमारे ६८४ घनमीटर प्रतिसेकंद. वेगशीर्ष १५ सेंटिमीटर. खोली ३.१ धरली तर टप्पा निदान २३३ मीटरचा हवा. २४० मीटर घेतला तर घसरण १९ सेंटिमीटर. म्हणजे टप्पा कसाबसा नियमात बसला. पण दोन टोकांच्या खुणा प्रत्येकी ५ सेंटिमीटरच्या असतील तर १९ मधले १० संशयाचे. अशा वेळी टप्पा ५००-६०० मीटरपर्यंत वाढवणं हाच शहाणपणा, आणि तेवढ्यासाठी अजून अर्धा दिवस चालावं लागलं तरी चालायचं.

वाळूच्या तळाच्या नदीत आणखी एक अडचण. पुरात तळ खरवडला जातो आणि पाणी उतरताना पुन्हा भरतो. आपण मोजतो तो भरलेला तळ. त्यामुळे कातळाच्या किंवा गोट्यांच्या तळाचा टप्पा मिळत असेल तर थोडं लांब जाऊनही तोच निवडावा.

खडबडीतपणाचा आकडा हा या साऱ्यातला सर्वांत नाजूक आकडा. स्वच्छ सरळ पात्राला ०.०३० च्या आसपास, दगड-गवत असेल तर ०.०३५ ते ०.०४५, उभ्या पिकाच्या मळईला ०.०४०, दाट झुडपांना ०.१० आणि त्याहूनही पुढे. रुंद पात्रात हा आकडा २० टक्क्यांनी वाढवला तर तोच विसर्ग जायला खोली सुमारे १२ टक्के जास्त लागते. ५ मीटर खोलीला ते ५८ सेंटिमीटर झाले. फोटोवरून, खुर्चीत बसून हा आकडा ठरवला जातो तेव्हा खरोखर वाईट वाटतं, कारण जागेवर दहा पावलांवर तो बदलताना दिसतो. आम्ही प्रत्येक छेदावर पात्र, डावी मळई आणि उजवी मळई असे तीन वेगळे आकडे तिथेच लिहितो, पिकाची उंची आणि महिना लिहितो. उसाच्या उभ्या फडातून जाणारं पाणी आणि तोडणीनंतरच्या मोकळ्या रानातून जाणारं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत.

इथवर जे मिळालं ते घडून गेलेल्या पुराचं. पूररेषा मात्र ठरावीक शक्यतेच्या पुराची आखायची असते. १०० वर्षांचा पूर याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. तो काल येऊन गेला म्हणून पुढची ९९ वर्षं मोकळी नसतात. ३० वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के आहे, आणि २५ वर्षांच्या पुराची तर ७१. त्या पुराचा विसर्ग जलशास्त्राच्या हिशोबाने येतो. आपण मोजलेला पूर कामी येतो तो नदीचं संगणकावरचं मॉडेल ताळ्यावर आणायला. हेक-रास हे मोफत मिळणारं आणि सर्वत्र वापरलं जाणारं सॉफ्टवेअर, अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या जलशास्त्रीय केंद्राचं. त्यात मोजलेला विसर्ग सोडायचा आणि येणारी पातळी खुणांशी ताडून बघायची. चांगल्या खुणांशी १५-२० सेंटिमीटरच्या आत जुळलं तर पुढे जायचं. जुळत नसेल तर खडबडीतपणा थोडा वरखाली करता येतो, पण फक्त जागेवर शोभेल एवढाच. स्वच्छ पात्राला ०.०८ दिल्याशिवाय पातळी जुळत नसेल तर दोष दुसरीकडे आहे: एखादा अरुंद छेद राहून गेला, पुलाचे गाळे ओंडक्यांनी बुजले होते, किंवा उंच्यांची प्रणाली चुकली. बुजलेल्या पुलाच्या वरची खूण खरी असते, पण मोकळ्या पुलासाठी आकडे जुळवताना ती बाजूला ठेवावी लागते.

संथ नदीत पातळी खालून वर ठरत जाते. खालच्या टोकाला गृहीत धरलेली पातळी चुकली तर तिचा परिणाम खोली भागिले उतार एवढ्या अंतरापर्यंत जाणवतो. वरच्या उदाहरणात ३.१ भागिले ०.०००८, म्हणजे जवळपास ४ किलोमीटर. मॉडेल कामाच्या जागेच्या तितकं खालपासून सुरू करायचं, गावाच्या वेशीपासून नाही.

शेवटी आखणी. समजा दोन छेदांमध्ये प्रवाहाच्या वाटेने ४०० मीटर अंतर आहे, खालच्यावर पातळी ५१२.६०, वरच्यावर ५१३.१०. खालच्या छेदापासून १५० मीटर वर असलेल्या जागेची पातळी ५१२.७९. लेव्हल मांडून बेंचमार्कवरून यंत्राची उंची ५१४.३६५ आली, तर स्टाफवर १.५७५ वाचेपर्यंत माणसाला चढावर-उतारावर हलवायचं. जिथे ते वाचन येईल तिथे खुंटी. पुढची खुंटी २० मीटरवर, पण आता पातळीही सुमारे अडीच सेंटिमीटरने बदलली, म्हणून वाचनही बदलायचं. पूररेषा ही समोच्च रेषा, म्हणजे एकाच उंचीची रेषा, नाही. ती नदीबरोबर उतरत जाते. एकच समोच्च रेषा धरून किलोमीटरभर चालत गेलेली आखणी एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला मीटरभर चुकीची असते.

आखताना डोळे जमिनीवर हवेत. रस्त्याच्या भरावामागे जमीन खोल आहे, तिथे पाणी जाईल का? भरावात मोरी असेल तर जाईल, आणि मोरी झुडपात लपलेली असते. भरावाच्या दोन्ही अंगांना चालून पाहिल्याशिवाय रेषा भरावावर थांबवायची नाही. नदी आणि लवण (खोलगट जमीन) यांच्यामध्ये उंचवटा असेल तर त्याची सर्वांत खालची जागा शोधून तिची उंची घ्यायची, कारण पाणी तिथूनच आत येतं. ओढ्याच्या मुखापाशी रेषा ओढ्यात वर शिरते: मुख्य नदीचा फुगवटा तीच पातळी घेऊन आत जातो आणि ओढ्याची स्वतःची पातळी त्याच्या वर निघेपर्यंत तोच लागू राहतो. पाण्याने वेढलेला उंचवटा वेगळा दाखवायचा, पण तिथे जायची वाट किती बुडते तेही शेजारी नोंदवायचं.

नकाशावरची रेघ आणि जागेवरची उंची यांच्यात तफावत निघाली तर उंची खरी. अमेरिकेच्या फेमा या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या पद्धतीतही घर नकाशावर पूरक्षेत्रात दिसत असलं, पण त्याला लागून असलेली सर्वांत खालची नैसर्गिक जमीन पूरपातळीवर किंवा तिच्या वर आहे असं मोजून दाखवलं, तर नकाशा सुधारून मिळतो. उलटही तितकंच खरं आहे: नकाशात बाहेर असलेलं बुटकं अंगण पातळीच्या खाली निघालं तर ते बुडतं.

खुंटीवर नुसता नंबर लिहून भागत नाही. पातळी, उंचीची प्रणाली, कोणत्या शक्यतेचा पूर आणि तारीख असं चारही लिहायचं, खुंटी जाईल असं धरून तिचे निर्देशांक आणि जवळच्या दोन पक्क्या वस्तूंपासूनची टेपची अंतरं वहीत घ्यायची. दर ५०० मीटरला एक तरी कायमचा बेंचमार्क मागे ठेवायचा, कातळावर किंवा पुलाच्या अंत्यपादावर (काठाकडच्या शेवटच्या आधारावर) कोरलेला, भरावावर कधीच नाही. नवा पूल झाला, कुणी मळईत भराव टाकला, बांध घातला, की त्या बेंचमार्कवरून लेव्हल पुन्हा मांडून तेवढ्या टप्प्याचे छेद नव्याने घ्यायचे.